तृतीय पक्ष

बरका गावाबाहेर, शुक्रवारी
हौशी यंत्रवाल्यांचा मेळा.
तंबूत टेबलामागे मी,
विम्याचे फॉर्म उडू नयेत म्हणून
वर खजुराचा डबा.

दाऊद परकार, मूळ गाव दाभोळ.
गोल्फ क्लबच्या भंगारातला गवतकाप्या ट्रॅक्टर
तीन उन्हाळे खोलून-जोडून
पोपटी रंगवून आणलेला.

वेग?
"चालत्या माणसाइतका."
प्रवासी?
"बसायला जागाच नाय."
मग तो रकाना:
तृतीय पक्षास इजा, पन्नास हजार रियालपर्यंत.
"हा तिसरा कोण?"
मी म्हटलं, मी नाही, तुम्ही नाही, तो.
शाळेतलं व्याकरण.

आकड्यावर बोट ठेवून बसले बराच वेळ.
"सव्वीस वर्षं फॉर्मच भरतोय इथं.
रक्त तपासलं, छाती तपासली,
दहाही बोटांचे ठसे घेतले.
पण माझ्यामुळं कुणाचं काही बिघडेल
असं कुणाला वाटलंच नव्हतं, ताई."

हप्ता चार रियाल.
पावती घडी घालून टोपीत.

मग रिंगणात निघाले, धडधडत.
हॉर्न नव्हता, म्हणून तोंडानंच
"बाजू, बाजू,"
दोरीपलीकडे उभ्या
एका बकरीला.