जागा

नोटीस शुद्ध मराठीत होती, म्हणून आधी कोणाला कळलीच नाही.
'विदा केंद्र' असं छापलेलं.
बागूल वहिनी म्हणाल्या, विदा म्हणजे निरोपच ना, सिरियलीतला,
मग कोण कुठे चाललंय?
दुधाच्या रांगेत सगळे हसलो.

मग मागच्या प्लॉटवर खुंट्या आल्या, लाल फितीच्या.
स्विचगिअरची कंपनी बंद पडल्यापासून
तिथे पोरांचा स्टंप म्हणून एक गंजका पाइप
आणि खडीत टिटवीची चार अंडी, एवढाच कारभार.
आमच्या बी विंगपासून तिथवर
मी पावलांनी मोजलं: एकशे बारा.
चपला घालून.

सुनावणी अंबडला, लग्नाच्या हॉलमध्ये.
मागच्या पडद्यावरची थर्माकोलची अक्षरं निघालेली,
'चि. सौ. कां.' एवढंच उरलेलं,
त्याखाली साहेब.
आवाज पंचावन्न डेसिबल, ते म्हणाले, म्हणजे फ्रीजइतका.
तांबोळींची रेश्मा उठली. फ्रीज माझा आहे साहेब,
मला त्याचं बटण बंद करता येतं.
टाळ्या पडल्या. इतिवृत्तात टाळ्या लिहीत नाहीत.

पाणी? प्रक्रिया केलेलं वापरू.
आमच्याकडे पहाटे पाच दहाला येतं, चाळीस मिनिटं,
प्रक्रिया आम्ही तुरटीने करतो.
नोकऱ्या? साठ.
त्यात वॉचमन किती, गांगुर्ड्यांच्या मोठ्याने विचारलं
आणि साहेबांनी बाटलीतून घोट घेतला.
शेवटी म्हणाले, एक लक्षात घ्या,
जागा आमची आहे.

म्हणून शांतता मोजायचं ठरलं.
आधी किती होती याचा पुरावा लागेल, दोंदे वकील म्हणाल्या.
पॉलिटेक्निकमधून मीटर उसनं आणलं.
रोज रात्री अडीचला मी आणि शेजवळ काका
गच्चीवर, टाकीच्या आडोशाला.
काकांची छत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये गेली, नाशिकरोडला.
नोटांची थप्पी कानाशी फर्रकन सोडली
की एक कमी आहे हे कळायचं म्हणतात.
तसे कान.
'हा तिसऱ्या पाळीचा कॉम्प्रेसर.
ही देवळालीकडची मालगाडी.
हे आपल्या लिफ्टचं, तेल मागतंय.'
मग काही नाही.
बराच वेळ काही नाही.
चौतीस, मी वहीत लिहिते.
टिटवी ओरडली की एकसष्ट. तिला वगळायचं का
यावरून आमचं वाजलं. नाही वगळली.

वही चालत नाही, रेकॉर्डिंग हवं, हे पुढच्या तारखेला कळलं.
मग मोबाईलवर, सलग तीन-तीन तास.
एकोणीस रात्रींचं काही नाही.
विसाव्या रात्री पडद्यावर आलं:
जागा शिल्लक नाही.

मी थोडी विकत घेतली. महिना एकशे तीस रुपये.
ती कुठे असते, मला माहीत नव्हतं असं नाही.
कुठल्यातरी शहराच्या कडेला, कोणाच्यातरी बी विंगच्या मागे
आमची शांतता ठेवायला
एक पंखा जास्त फिरत असेल.
तिथली एखादी बाई खिडकी लावून घेताना म्हणत असेल,
कोणाचं एवढं काय साठवतात हे.
तिला सांगायला हवं होतं. पत्ता नव्हता.
काकांना सांगितलं.
ते काही बोलले नाहीत,
मीटरवर आकडा कितीतरी वेळ तेहतीसवर राहिला.

तारीख आता पावसाळ्यानंतरची.
एक खुंटी पोरांनी दुसऱ्या स्टंपासाठी उपटली.
अंड्यांची पिल्लं झाली, खडीच्याच रंगाची,
पळाली तरच आहेत म्हणून कळतं.

काल टाकीला टेकून माझा डोळा लागला.
दचकून विचारलं, काका, किती वाजले?
मीटरच्या हिरव्या आकड्यामागून आलं,
झोप गं तू.
मी जागा आहे.