एकोणसत्तर

होशंगशेटनी गाळ्याचं शटर अर्धं ओढलं
आणि फडक्यावर ठेवली ती प्लॅस्टिकची डबी.
आत पर्थची चांदी, एक औंस,
फांदीवर बसलेला कुकाबरा,
वर लेबल, बारकोड, सत्तरपैकी एकोणसत्तर.
"एक मार्क कुठे गेला?"
त्यांनी भिंग पुढे केलं. चोचीखाली ठिपका,
दुधाचा थेंब सांडून वाळल्यासारखा.
"टांकसाळीतूनच येते, डिकरी. पुसायचा नाय.
सत्तरवाला तुला परवडायचा नाय."

बझारगेट स्ट्रीटवरून घरापर्यंत
पर्स मी पोटाशी धरून आणली.

अप्पांनी एकतीस वर्षं बेस्टमध्ये नाणी मोजली.
कातडी पिशवी, वडाळा डेपो,
बोटांची टोकं कायमची काळी.
आई म्हणायची, आधी साबण, मग मुलगी.
खोटं नाणं ते बघून नाही, ऐकून ओळखायचे.
बसच्या दांडीवर एकदाच टक्‌,
आणि उतारूच्या तळहातावर परत.

आता डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांनी डबी कानाशी नेऊन हलवली.
"मुकं आहे गं हे.
एवढे पैसे मोजून मुकं?"
मी समजावलं, याला कुणाचा हात लागलेला नाही,
यानं आजवर साधी काडेपेटी घेतलेली नाही,
म्हणून तर भाव.
अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग डबी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.
"खंड्याच की! आमच्या पऱ्ह्यावर बसायचा.
डोकं जरा मोठं काढलंय."

रात्री साडेअकराला मी
माळ्यावरच्या डब्यातून पक्कड काढली.
का, ते नीट सांगता यायचं नाही.
होशंगशेटना तर मुळीच नाही.
कडेला चिमटा बसला, प्लॅस्टिक तडकलं,
लेबल मधोमध दुमडलं.

शहाबादीवर पडलं ते
आणि वाजलं.
फ्रीजच्या घरघरीवरून, भिंतीपलीकडच्या टीव्हीवरून,
खाटेखाली जाऊन गिरक्या घेत राहिलं,
थांबेचना.

"खरं आहे," अंधारातून अप्पा.
मला वाटलं, झोपले.
मग कूस बदलताना,
"डॉलर ना गं तो?
एका डॉलरात कुठवरचं तिकीट फाडायचं?"

मी पालथी पडून
खाटेखाली हात फिरवत होते.
एक चप्पल लागली, गोळ्यांची रिकामी पट्टी,
धूळ.