चोमाला गाडी बदलावी लागत नाही

निवृत्त सांधेवाल्यानं आखलेला प्रवास असाच असणार.
वहीचं शेवटचं पान, लाकडी पट्टी,
लाल शाईनं जाणं, निळ्या शाईनं येणं.
एकतीस वर्षं कासामाच्या यार्डात ह्या माणसानं
दुसऱ्यांच्या गाड्या बरोबर रुळावर घातल्या
आणि स्वतः कापिरी म्पोशीच्या पुढे गेला नाही.

आता म्हणतो, मोसी-ओआ-तुन्या बघायचा.
गर्जणारा धूर.
पेन्शनच्या कागदावर देशाची ढाल छापलेली,
काळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा,
त्यांवर बोट ठेवून सांगतो, हाच तो.
महिन्याच्या महिन्याला हातात येतो
आणि आपल्या अंगावर त्याचा एक थेंब नाही.

कधी, मी विचारलं.
एप्रिलात. ऑक्टोबरात नुसता कडा उघडा पडतो,
खडक बघायला एवढं भाडं कोण भरेल?
एप्रिलात मका वाळत असतो, मी म्हटलं,
शेळ्या काय तुझी पट्टी बघून पळणार आहेत?
शिवाय पौर्णिमा हवी. रात्री तिथं
चांदण्याचं इंद्रधनुष्य पडतं म्हणे, फिकट,
वाफ धरलेल्या काचेवर बोट फिरवावं तसं.
म्हणजे पाणी, चंद्र, मका आणि ताझारा रेल्वे
एकाच आठवड्यात वेळेवर यायला हवेत.
पहिले तिघे येतील, तो म्हणाला.

शुक्रवार, कासामा सोडणे. वेळेच्या जागी त्यानं फुली मारलीय.
शनिवार, कापिरी. बाकावर झोपणे.
रविवार, लुसाका, पुतण्या कापासाकडे. साबण आपला न्यायचा.
मंगळवारी दुपारी धबधबा, बुधवारी सकाळी माघारी.
सात दिवसांत आश्चर्याच्या वाट्याला
अर्धा दिवस आणि एक रात्र.
बाकी सगळे गुडघे.

आणि सोमवार?
सोमवारपुढे, इतरांपेक्षा बारीक अक्षरात:
चोमा, गाडी बदलणे. मुक्काम.

चोमाला गाडी बदलावी लागत नाही.
लुसाकाची बस माझाबुका, मोन्झे, चोमा, कालोमो करत
थेट जाते. स्टेशनाबाहेर सुकी मासळी विकताना
शेकडो उतारूंच्या तोंडून मी ऐकलंय.
ह्यालाही माहीत आहे. सांधा कुठे असतो, कुठे नसतो
हे ह्याच्याइतकं कोणाला माहीत?

चोमाला चितालु असते.
नऊ वर्षं. लग्नाला आम्ही गेलो नाही,
म्हणजे हा गेला नाही
आणि मी ह्याच्यासोबत घरी बसले.
शेजारीपाजारी अजून ह्याला बाशी चितालु म्हणतात,
चितालुचे बाबा. मला बाना चितालु.
दिवसातून वीसदा तिचं नाव अंगणात येतं,
उंबरा ओलांडत नाही.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर
पट्टी लावून त्यानं ती ओळ सरळ खोडली असती.
दुधाच्या डब्यातले पैसे परत मोजले,
दोन चितेंगे धुतले, तिसरा घडी न मोडता ठेवला.
मग फडताळावरून वाळवलेल्या सुरवंटांची पिशवी काढली,
मागच्या मोसमातली, चांगली किलोभर.
हे कशाला, तो म्हणाला, धबधब्यावर कोण खाणार?
मला सुरवंट आवडत नाहीत. त्याचे दात उरले नाहीत.
ह्या घरात ते एकटीच खायची,
शाळेला जाताना, खिशातून, मोजून.
वाटेत लागतील, मी म्हटलं.
गाडी बदलताना.

तो वहीकडे बघत राहिला.
मग पेनाचं टोपण काढत, घालत म्हणाला,
तिथं बोललेलं ऐकूच येत नाही म्हणे,
अगदी शेजारच्या माणसाचंसुद्धा.

मग जे काय बोलायचं
ते आदल्या दिवशी बोलून घे.

त्यानं मान वर केली नाही.
लाल पेन उघडलं
आणि रविवारच्या साबणापुढे लिहिलं: दोन.