बनावट

बिल्ला नाही. बिल्ल्याच्या स्क्रूंची भोकंही नाहीत,
म्हणजे तो कधी नव्हताच.
अमेरिकन असेल, ओलिंडाबाई म्हणाल्या,
आमचे बेनेडिक्ट बोटीवर होते ना.
मी हं म्हटलं, आणि माझगावच्या त्या जेवणाच्या टेबलावर
पाय काढून गिटार उताणी केली,
खेकडा करतात तशी.

आतल्या सळया सायकलच्या आऱ्या.
लाकूड सागवानी; बिजागरी होती तिथे
लांबी भरून घासलेली.
कुठलं तरी दार हे.
बाईंना बोललो नाही.

विजेरी आणखी आत घातली.
तिसऱ्या पेडलच्या दांड्यापाशी पेन्सिलीनं:
हा ढिला ठेवणे. नाहीतर ग चढतो.
पाकळीचा ल, शाळेत गिरवतात तसा.

बाईंनी चष्मा लावला. दोन ओळींना
फारच वेळ लागला त्यांना.
"बेनेडिक्टना मराठी लिहिता येत नव्हतं.
आणि त्यांना असं दरडावणारा एकच होता.
खाली राहायचा."
नाव विचारलं, तर चहाचं आधण बघायला गेल्या.

पावतीवर मी लिहिलं:
बनावट, स्थानिक.
सगळं आवळलं, तेल दिलं.
तिसरा दांडा तेवढा
ढिला ठेवला.