काठी पोचत नाही

पट्टा मीच बांधला होता तिच्या गळ्यात,
गुंगीत पडलेल्या त्या म्हाताऱ्या माकडिणीच्या.
टोळीतली थोरली. कागदावर क्रमांक सात.
आता रिसीव्हर टिकटिकला की
मी गावच्या भोंग्यावरून सांगतो:
ओढ्यापलीकडे आहेत. देवदारांत. येतील तासाभरात.

कामिओ गाव म्हणजे अकरा उंबरे, त्यातले पाच बंद.
तोकुएबाईंचे मुळे,
मिनेकोबाईंची रताळी,
मधे एक बांध
आणि बांधावर बावीस वर्षांचा अबोला,
पाटाच्या पाण्यावरून धरलेला.

माकडांना हे सगळं ठाऊक.
कुणाची कंबर वाकली, कुणाचा कुत्रा मेला,
कुठल्या घरातून ओरडा येतो पण माणूस येत नाही.
एकीच्या वाफ्यात बसून मुळे उपटायची,
एक चावा, की फेकला, की दुसरा,
आणि दुसरी बाई पडवीत शेंगा निवडत बघायची.
तिचे थोडेच होते ते मुळे.

कुंपणात वीज सोडली. पिल्लं खांबावरून उतरली.
बुजगावण्याची टोपी गेली, मग बुजगावणंच.
शेवटी सभेत मी म्हणालो,
जाळी, तार, सापळा, सगळं नंतर बघू.
माकड कुणाच्याही रानात दिसो,
सगळ्यांनी धावायचं.
सगळे हसले. सरासरी वय एकोणऐंशी.
बरं, धावायचं नाही. निघायचं.

माकडाच्या हाती कोलीत देऊ नये म्हणतात.
मी ते म्हाताऱ्यांच्या हाती दिलं:
नळीतून सुटणारे फटाके,
माणशी बारा, सही घेऊन.

ऑक्टोबरात, धुक्यातली एक सकाळ.
तोकुएबाई डोळे दाखवायला शहरात गेलेल्या.
सात नंबरवाली मुळ्यांत उतरली,
तिच्यामागे तीसेक, पोटाला पिल्लं.
आणि बांध ओलांडून मिनेकोबाई,
एका हातात नळी,
दुसऱ्या हाताने चालायची ढकलगाडी रेटत,
थेट वाफ्यातून.
पहिला फटाका नुसताच आभाळात गेला.
दुसरा देवदारात.

तीनच्या बसने उतरलेल्या तोकुएबाईंनी
ओल्या मातीत दोन चाकांच्या रेघा पाहिल्या.
बराच वेळ.
मग शेजारचे मोडके मुळे गोळा केले,
रेघा तशाच राहू दिल्या.

नोव्हेंबरात बंद घरांपुढची पर्सिमनची झाडं उतरवली.
न काढलेलं फळ म्हणजे माकडांना आवतण,
मीच सांगितलेलं. एकही ठेवायचं नाही.
संध्याकाळपर्यंत टोपल्या भरल्या,
शेंड्यावर एक राहिलं, केशरी,
दिवा लावून विसरल्यासारखं.
शेवटचं एक झाडासाठी सोडायची रीत
माझी आजीही पाळायची. मी काही बोललो नाही.

तोकुएबाई वर बघत म्हणाल्या,
काठी पोचत नाही.

काठी गवतात पडली होती. चार मीटरची. आमच्याच कचेरीची.

मिनेकोबाईंनी मान वर केली, डोळे बारीक केले.
हो, म्हणाल्या,
नाहीच पोचत.

माझ्या खिशात रिसीव्हर टिकटिकला, लांबून.
मी टोपली उचलली.