खालून आवाज आला

चौऱ्याहत्तरच्या मार्चमधली ती नोंद माझ्याच हातची :
"ठराव क्रमांक नऊवर चर्चा चालू असता
खालून आवाज आला."
कुणाचा, काय म्हणाला, लिहिलेलं नाही.
मी नगरपालिकेचा कारकून. वय तेवीस.
टाय सरळ, अक्षर त्याहून सरळ.

मॅनिटोबाच्या त्या मैदानात, जिथे मैलोन्मैल
चढ म्हणून औषधालाही सापडत नाही,
आम्ही सभागृह बांधलं अठरा पायऱ्या वर.
जिन्याच्या तळाशी ओरिसिया बॉयचुक,
नवव्या वर्षी पोलिओने जिचे पाय गिळले,
मांडीवर घोंगडी, गळ्यात शिंपिणीची फीत.
ठराव तिच्याच खुर्चीविषयी होता.
"मग मला ऐकू जाईल असं बोला की!" ती ओरडली.
नगराध्यक्ष हसले.
कुणीतरी दार लावून घेतलं.

पुढल्या सभेपासून चिठ्ठ्या येऊ लागल्या.
झाडूवाल्याचा पोरगा, पाच सेंटांना एक,
धापा टाकत आणून टेबलावर ठेवायचा.
विनवणी नाही, नुसती मापं :
टपालकचेरीचं दार सव्वीस इंच, माझी खुर्ची सत्तावीस.
एका इंचापायी माझी पत्रं आधी दुसरेच वाचतात.
दवाखाना, तीन पायऱ्या.
चर्च, सात. आणि देव म्हणे सगळ्यांचा.
दफनभूमी, सपाट.
तिथे मी यायला कुणाची हरकत दिसत नाही.

मी त्या फायलीला लावल्या. तारीखवार.

आणि रोज पहाटे साडेसहाला,
पारा उणे चौतीसावर असला तरी,
ती फोन फिरवायची.
गावात एकटे राहणारे एकोणीस जण.
"उठलात? भट्टी पेटलीय?
काल पुन्हा नुसत्या सूपवर भागवलंत ना?"
दहादा वाजूनही कुणी उचलला नाही
तर बर्फ उपसणाऱ्या ट्रकवाल्याला पिटाळायची.
त्याची नाही म्हणायची टाप नव्हती;
सहाही पोरांचे कोट तिनेच शिवलेले.

यादीत आठवं नाव गुड्रून. माझी आई.
जानेवारीत तळघराच्या जिन्यावरून पडली.
सातला पाच कमी असताना ट्रकवाला पोचला.
मला कळलं साडेनऊला, कचेरीत.
आई वाचली. वॉकर घेऊन माझ्याकडे राहायला आली
आणि दाराबाहेरच थबकली.
त्या दिवशी मी प्रथम माझ्या घराच्या पायऱ्या मोजल्या.
पाच.
रोज चढत होतो, आकडा ठाऊक नव्हता.

कारकुनाला ठराव मांडता येत नाही.
पण सभेची सूचना तोच टंकतो.
'स्थळ' या शब्दापुढे मी टंकलं : बंबाची शेड.
सगळे आले, कुरकुरत, ओव्हरकोटांत,
डिझेलच्या वासात, लाल बंबाला टेकून उभे राहिले.
"चूक झाली," मी म्हणालो.
पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा केली.

ओरिसिया सगळ्यांआधी हजर.
आभार वगैरे नाहीत.
"दार नऊ फूट. काल मोजून गेले."
मग सव्वादोन तास बोलली,
आणि मधेच मला दटावलं, "लिहितोयस ना?"

रॅम्प व्हायला आणखी अकरा वर्षं गेली.
वर्तमानपत्राने तिला 'धीराची मूर्ती' म्हटलं
तेव्हा संपादकालाही चिठ्ठी गेली :
धीर तुमच्यापाशी ठेवा. आधी तुमचा उंबरठा काढा.

परवा तिला त्या सपाट जागी ठेवून आलो.
संध्याकाळी किल्ली मागून घेतली, जुनी वही उघडली.
समासात, शिसपेन्सिलीने, अक्षर आता हलतं :
आवाज ओरिसिया बॉयचुक यांचा.
म्हणणं, मला ऐकू जाईल असं बोला.
दार मी लावलं.