एकेचाळीस

मिरचीच्या पथारीवरून घरी येते
तेव्हा माझे हात माझे नसतात.
दिवसभर देठ खुडून
दहाही बोटांत तिखट मुरलेलं,
साबणाला ते दाद देत नाही.
डोळ्यात पापणीचा केस गेला
तर शेजारच्या पोराला हाक मारावी लागते.

आणि गिरासे डॉक्टर म्हणाले,
घरीच घासा याचे दात. रोज.
ब्रश नसला तर बोटाला फडकं गुंडाळा.

भाकरीच्या तुकड्यावर रक्त दिसलं
म्हणून नेलं होतं त्याला.
नाव कळणा. रंगही तोच,
ज्वारी-उडदाची भाकरी
तव्यावर जरा जास्त राहिली की होते तसा.
डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला,
टेबलाभोवती वास पसरला,
चार दिवस झाकून विसरलेल्या डाळीचा.
"बेचाळीस असतात," ते म्हणाले,
"हा एक गेलाच समजा.
एकेचाळीस सांभाळा.
आणि माणसांची पेस्ट नको,
ती थुंकायची असते.
याला थुंकता येत नाही."

त्याच्यासाठीची पेस्ट दोनशे चाळीस रुपयांना.
आमच्या घरात शनिवारी अंडंही शिजत नाही
आणि त्या ट्यूबला कोंबडीचा वास.
देवाकडे पाठ करून उघडते.

ठगूबाईनं भिंतीवरून पाहिलं.
"माय वं! कुत्राना दात घासस तू?
नवराना घासेल व्हतात का कधी?"
नवरा चावायचा, मी म्हटलं.
ती इतकी हसली
की तिच्या सुपातली मिरची सांडली.
मग दोघी गोळा करत बसलो,
थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

पहिले तीन दिवस तो फक्त पेस्ट चाटून
पलंगाखाली पळाला.
चौथ्या दिवशी ओठ उचलू दिला.
आता जेवणं झाली की स्वतःच येतो,
माझ्या दोन गुडघ्यांमध्ये बसतो,
न्हाव्यापुढे बसलेल्या म्हाताऱ्यासारखा
मान वर, डोळे अर्धे मिटलेले.

पण त्याआधी माझी तयारी असते.
हाताला गोडंतेल, चोळून चोळून.
मग ताक. मग साबण. पुन्हा तेल.
तरी भरवसा नाही,
म्हणून डाव्या हाताचं बोट
आधी माझ्याच तोंडात घालते,
हिरडीवरून फिरवते, थांबते.
झोंबलं नाही तर त्याची पाळी.
झोंबलं तर पुन्हा ताकापासून.

असं फिरवतानाच कळलं,
उजवीकडची शेवटची दाढ हलते आहे.
केव्हापासून, कोण जाणे.
बोट तिथे रोज जरा जास्त थांबतं.
कळणा शेपूट आपटतो: चल, माझं काय?

वरचे मागचे आधी,
तिथेच कीट जास्त.
लहान लहान गोल, बाहेरच्या बाजूनं.
आतलं त्याची जीभ बघून घेते.
सुळ्याशी आले की हात हळू होतो.
बोटाएवढा सुळा, आणि बोट त्याच्या जबड्यात,
मनात आणलं तर एका क्षणाचं काम.
तो मनात आणत नाही.
मी मोजते, सुपातले तांदूळ निवडावेत तशी,
वरचे, खालचे,
पुढचे ते पिटुकले, बाळदातांसारखे.
एकेचाळीस.
कधी चाळीसच भरतात, मग पहिल्यापासून.

महिन्यानं पुन्हा दवाखान्यात नेलं.
डॉक्टरांनी बॅटरी मारली आत.
"वा," म्हणाले, "हिरड्या गुलाबी.
असं मनावर घेणारं माणूस
अख्ख्या दोंडाईच्यात एखादं भेटतं."
बॅटरी त्यांच्या हातात अजून चालूच होती.
मी तोंड उघडलं,
आणि किती झाले ते विचारलं.

येताना रिक्षात कळणा माझ्या पायांवर.
चढावर धक्का बसला
तशी दाढ जिभेला लागली.
मी त्याच्या कानामागं खाजवत राहिले,
डाव्या हातानं,
उजव्याला अजून सकाळचं तिखट होतं.